पान, कांगारू, गरुड आणि आमच्याकडचा टंच: चांदीच्या नाण्यांचा वर्षभराचा अनुभव

निपाणी भागात चांदी म्हटली की नक्षी नंतर, आधी टंच, म्हणजे शुद्धता. पलीकडे हुपरी, अलीकडे मांगूर, कारदगा. पैंजण घडवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यात. अशा मुलखात राहून परदेशी टांकसाळींची चांदीची नाणी जमवायची म्हणजे रोज कुणाला तरी उत्तर देणं आलं. वर्षाहून जास्त काळ ही नाणी हाताळल्यावर माझं मत असं: नाण्यावरच्या छापेचे घेताना जादा पैसे लागतात, विकताना आमच्या सराफ कट्ट्यावर त्याचा एक रुपया परत येत नाही. तरी मी घेतो. का, ते पुढं.

सुरुवात कॅनडाच्या मेपल पानानं केली. १९८८ पासून निघणारं हे नाणं ९९९९ शुद्धतेचं, ३८ मिलिमीटर व्यासाचं. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आपल्या दहा ग्रॅमच्या भाराच्या हिशेबात तीन भारांना थोडं वर. पानाच्या शिरा इतक्या बारीक की भिंगाखाली बघताना वेळ जातो. पण याची खोडही सगळ्यांना ठाऊक असलेली: पृष्ठभागावर दुधाळ पांढरे डाग उठतात, पुसून जात नाहीत. टांकसाळीनं २०१८ पासून यावर खास प्रक्रिया सुरू केली. त्याआधीच्या सालाचं नाणं घेणार असाल तर उजेडात तिरकं धरून बघा, मगच पैसे द्या.

अमेरिकेचं गरुड नाणं १९८६ पासूनचं, शुद्धता ९९९, व्यास ४०.६ मिलिमीटर. एका बाजूला चालत निघालेली स्वातंत्र्यदेवता, जी मुळात १९१६ च्या अर्ध्या डॉलरवरची. दुसऱ्या बाजूला गरुड, आणि ही बाजू २०२१ मध्ये बदलली. हातात घेतल्यावर सगळ्यांत भारदस्त वाटतं ते हेच. चांदीच्या भावावरचा चढावाही बहुतेक वेळा यालाच जास्त, त्यामुळे माझ्या डब्यात ते एकटंच आहे. ऑस्ट्रेलियाचं कांगारू स्वस्तात पडलं. चीनचा पांडा जवळजवळ दरवर्षी नवं चित्र घेऊन येतो आणि २०१६ पासून औंसाऐवजी सरळ ३० ग्रॅमचा आहे. आपल्याकडच्या तराजूला हा हिशेब सोपा, पण औंसाच्या भावात पांडा घेऊ नका.

सगळ्यांत मनात भरली ती ब्रिटनची ब्रिटानिया. जुनी नाणी ९५८ टंचाची, २०१३ पासून ९९९. २०२१ पासून तिच्यावर एक छोटी जागा अशी आहे की नाणं कलतं केलं की कुलूप दिसतं, पुन्हा कलतं केलं की त्रिशूळ. खोटं नाणं पाडणाऱ्याला हे जमवणं अवघड. चढाव्याचे पैसे मी खरं तर यासाठी देतो.

कारण तपासणी घरी पूर्ण होत नाही. टंच मशीनचे किरण फक्त वरचा थर वाचतात. आत दुसराच धातू असेल तर फसवणूक पचते. मी वजन, व्यास, जाडी मोजतो. मग पाण्यात बुडवून घनता काढतो, ती १०.५ च्या आसपास यायला हवी. शेवटी तिरक्या धरलेल्या नाण्यावरून जोरदार चुंबक सोडतो. चांदी त्याला ओढत नाही, पण तो सावकाश घसरतो. इतकं झाल्यावरच मन शांत होतं.

ओळखीच्या सराफाला मेपल दाखवलं तेव्हा त्यानं वजन केलं, टंच बघितला आणि म्हणाला, "पाव्हणं, पान असू दे नाहीतर कांगारू, मुशीत गेल्यावर सगळं सारखंच की." त्याच्या बाजूनं बरोबरच आहे. तो मोडीचा भाव सांगणार. छापेचे पैसे देणारा नाणी जमवणाराच असतो, आणि तो पुण्या-बेंगळुरूच्या नाणे प्रदर्शनात भेटतो, बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत नाही.

आपल्या राजमुद्रेचं असं नाणं का नाही, हे पाहुणे हमखास विचारतात. खासगी शुद्धीकरण कंपन्या लक्ष्मी, गणपती, कमळ छापतात. अशोकस्तंभाचे सिंह सरकारी परवानगीशिवाय कुणालाही छापता येत नाहीत, त्यावर २००५ चा कायदा आहे. सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी मिळतात. नव्या संसद भवनानिमित्त २०२३ मध्ये काढलेलं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, सिंह दिमाखदार, पण चांदी निम्मीच. उरलेलं तांबं, निकेल, जस्त. आमच्याकडचा धडीवाला, म्हणजे चांदीचा व्यापारी, ते हातात घेऊन लगेच परत देईल. मी आठवण म्हणून ठेवेन, चांदी म्हणून नाही.

आता सांभाळण्याचं. बेळगाव-खानापूरचा पावसाळा नाण्यांना मानवत नाही. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते आणि दमट हवेत ते लवकर होतं. कडक प्लास्टिकची कॅप्सूल, हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी हिरवट चिकटा येतो, आणि रबर बँड तर डब्याजवळही नको. देवघरातली भांडी दंतमंजनानं घासतात तशी नाणी घासायची नाहीत. आईला हे अजून पटलेलं नाही.

खरेदीवर ३ टक्के जीएसटी लागतो. वर २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास चांदी किलोला दीड लाखाच्या पुढं गेल्यावर चढावाही काही विक्रेत्यांनी मनाला येईल तसा लावला. फक्त गुंतवणूक करायची असेल तर आमच्या बाजूला शुद्ध चांदीची वीट घ्या, टंच करून घ्या, विषय संपला. छाप आवडत असेल तर २०२१ नंतरची ब्रिटानिया आधी घ्या, मेपल नंतर, आणि बिल मात्र जपून ठेवा.