उभ्या गाड्यांना चिकटून की दाराएवढं अंतर सोडून?

पुण्यात रोज सायकलने कामाला जायचं ठरवलंत, की हेल्मेट आणि गिअरबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. कडेला ओळीने लावलेल्या गाड्यांशेजारून सायकल कशी काढायची, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. मी चार वर्षं गाड्यांना चिकटून चालवली, आता दाराएवढं अंतर सोडून चालवतो.

चिकटून चालवण्यात तथ्य नाही असं नाही. मागून पीएमपीची बस आली की कडेला सुरक्षित वाटतं, हॉर्नही कमी खावे लागतात. पण डावीकडे लावलेल्या गाडीत चालकाचं दार नेमकं आपल्याच बाजूला उघडतं. ताशी १५ किलोमीटरच्या वेगात सायकल सेकंदाला चार मीटर जाते. दार उघडायला तेवढाच वेळ पुरतो.

मला खरा वैताग आला तो डोकावण्याचा. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून आत कुणी आहे का बघायचं. हेडरेस्ट माणसाच्या डोक्यासारखं दिसतं, काळ्या काचेतून काहीच दिसत नाही. सगळं लक्ष डावीकडे, त्यामुळे समोरचा खड्डा किंवा चेंबरचं झाकण अगदी जवळ आल्यावर दिसायचं. घरी पोचेपर्यंत मान आखडलेली. आणि इतकं करूनही एके सकाळी प्रभात रस्त्यावर फसलोच. गाडी रिकामी दिसली, कारण चालक शेजारच्या सीटखालचं काहीतरी उचलायला वाकले होते. दार उघडलं, हँडलचं डावं टोक त्याच्या कडेला लागलं, चाक गर्रकन डावीकडे वळलं आणि मी उजवीकडे भर रस्त्यात पडलो. मागून काही येत नव्हतं म्हणून वाचलो. ते काका माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रहदारीच्या नियमपुस्तिकेत, २०२२पासून सायकलस्वाराला उभ्या गाडीपासून दाराएवढं किंवा एक मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. चालकाने दार दारापासून लांबच्या हाताने उघडावं, असंही त्यात आहे. आपल्याकडे तो डावा हात. अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. आमच्या घरात सगळ्यांना ही सवय लावली आहे.

अंतर सोडलं की हॉर्न वाढतात, पहिले आठ दिवस जीव दडपतो. पण हॉर्न देणाऱ्याने निदान आपल्याला पाहिलेलं असतं. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली तरी आत शिरू नका, सरळ रेषेत राहा. आत-बाहेर केलं की मागच्याला अंदाज येत नाही. चढावर वेग पडतो, मागे रांग लागते, तिथे मीही कडेला थांबून रांग पुढे जाऊ देतो.

सायकल ट्रॅक सलग मिळाला तर प्रश्नच नाही, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात.

तुमचा रस्ता वेगळा असेल, ठरवायचं तुम्हीच. फक्त एखाद्या रविवारी सकाळी, रहदारी नसताना, भांडारकर रस्त्यावर दाराएवढ्या अंतराने एक फेरी मारून बघा, आणि नजर किती वेळ समोर राहते ते पाहा.