कडाक्याच्या थंडीत डिझेल युटिलिटी गाडी: इंजिन तापतं, हायड्रॉलिक ऑइलचं काय?

ड्राइव्ह पंपाचं शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीचं, ऑइल अडवणारं सील) गेलं आणि सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. एरवी गाडीबद्दल माझं मत चांगलंच आहे. तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह (म्हणजे इंजिन पंप फिरवतं आणि पंपाच्या ऑइलच्या दाबावर चाकं फिरतात), पुढे बर्फ लोटायचं पातं, मागे उचलता येणारा हौदा. बाकीचे आकडे माहितीपत्रकात आहेतच. हिवाळाभर चालवली, तीही पारा उणे २० च्या खाली उतरतो तिथे.

इंजिनाचं आधी सांगून टाकतो, कारण तक्रार फारशी नाही. ब्लॉक हीटर (इंजिन आधीच गरम करणारा) लावलेला, हीटर प्लग पुरेसे तापू दिलेले आणि बॅटरी भरलेली असली की गाडी चालू होते. डिझेल मात्र हिवाळी प्रतीचंच हवं. साध्या डिझेलमधलं मेण गारठ्यात गोठून फिल्टरच्या कागदावर बसतं. टाकीत डिझेल भरपूर असतं आणि इंजिन उपाशी बंद पडतं. युरोपच्या ईएन ५९० मानकात आर्क्टिक डिझेलच्या प्रती फिल्टर तुंबण्याच्या तापमानानुसार उणे २० पासून उणे ४४ पर्यंत ठरवल्या आहेत. भरण्याआधी प्रत विचारून घ्या.

आता मूळ मुद्दा. डॅशबोर्डवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. डिझेल किती उरलं, गाडी किती तास चालली, सीटबेल्ट लावला की नाही, सगळं दिसतं. हायड्रॉलिक ऑइलसाठी फक्त एक लाल दिवा आहे, तोही ऑइल जास्त तापलं तरच लागतो. ऑइल गारठलेलं आहे हे सांगणारं काहीही नाही. थंड हवामानाचं मॉडेल म्हणून विकलेल्या गाडीत! मॅन्युअल म्हणतं, ‘काम सुरू करण्यापूर्वी ऑइल पुरेसं गरम होऊ द्या.’ पुरेसं म्हणजे किती, हे एकाही पानावर नाही.

कंपनीतून ऑइल येतं व्हीजी ४६. म्हणजे ४० अंशांना त्याचा घट्टपणा ४६ सेंटिस्टोक्स. साधं खनिज ऑइल असेल तर शून्य अंशाला तो पाचशेच्या वर जातो आणि उणे २० ला काही हजार होतो. पिस्टन पंप सुरू होताना साधारण हजार ते सोळाशेपर्यंतच सोसतात, तेही थोडा वेळ. त्याहून घट्ट ऑइल पंपाला ओढता येत नाही, सक्शनला पोकळी होते आणि खडी दळल्यासारखा आवाज येतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये आणखी एक अडचण. पंपाच्या आत झिरपलेलं ऑइल केस ड्रेनच्या नळीतून टाकीत परत जायला हवं. घट्ट ऑइल तिथे अडतं, पंपाच्या कवचात दाब साठतो आणि सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे शाफ्टचं सील, फाटतो.

माझं सील असंच गेलं. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, ‘थंड ऑइलवर गाडी रेझ केली, चूक ऑपरेटरची.’ मी विचारलं, ऑइल थंड आहे हे ऑपरेटरने कशावरून ओळखायचं? बॉनेट उघडून टाकीला हात लावून? उत्तर आलं नाही. पत्रव्यवहार बराच झाला. शेवटी सील वॉरंटीत दिलं, मजुरी आणि नवीन ऑइल माझ्याकडून घेतलं. हा खर्च मला अजून पटलेला नाही.

त्यानंतर हायड्रॉलिक टाकीला बाहेरून साध्या डिजिटल थर्मामीटरचा सेन्सर चिकटवला आणि वर इन्सुलेशन लावलं. एका फिल्टरहून कमी पैशात काम झालं. त्यावर जे दिसलं ते कंपनीने सांगायला हवं होतं: कूलंट ७० अंशांवर पोचलेला असताना टाकीतलं ऑइल शून्याच्या खालीच असतं. स्लो रनिंगवर उभ्या गाडीत ते तापतही नाही म्हटलं तरी चालेल.

आधी मला टाकीचा हीटर हाच एकमेव उपाय वाटत होता. आता मत बदललंय. पहिला पैसा ऑइलवर घाला. उच्च व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं, म्हणजे तापमानाप्रमाणे घट्टपणा कमी बदलणारं, व्हीजी ३२ भरलं. उणे २० ला ते जुन्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकंच घट्ट राहतं. सकाळचा पंपाचा आवाज गेला, सेल्फवरचा ताणही कमी झाला. इथे पंप इंजिनाला थेट जोडलेला आहे, मध्ये क्लच नाही, त्यामुळे सेल्फला इंजिनासोबत पंपही फिरवावा लागतो.

हीटर नंतर घेतला, आणि तोही पुरा पडत नाही. टाकी गरम झाली तरी पात्याच्या जॅकमधलं (पातं उचलणाऱ्या सिलिंडरमधलं) आणि होजमधलं ऑइल तिथल्या तिथेच मागेपुढे होतं, टाकीत फार थोडं परततं. म्हणून लिव्हर हळू चालवून पातं आणि हौदा रिकामेच खालीवर करावे लागतात. लिव्हर शेवटपर्यंत दाबून धरू नका. त्याने रिलीफ व्हॉल्व्हजवळचं (जादा दाब सोडणाऱ्या झडपेजवळचं) ऑइल तापतं, बाकीचं गारच राहतं. बहुतेक होज उणे ४० पर्यंतचे असतात, पण त्या गारठ्यात झटका दिला तर फिटिंगपाशी चीर पडते.

पातं उत्तम आहे, चढावर पकड चांगली आहे, केबिनचा हीटर दमदार आहे. तरीही ही गाडी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: कमी तापमानात चालणारं ऑइल कंपनीतूनच भरून, आणि हायड्रॉलिक ऑइल किती अंशांवर आल्यावर पूर्ण भार द्यायचा याचा आकडा. मी हा आकडा विचारला होता, अजून मिळालेला नाही.