हर्बी हॅनकॉक यांचा ‘द न्यू स्टँडर्ड’: रॉकच्या गाण्यांची जॅझमधली बढत

दुसऱ्याचे गाजलेले गाणे आपल्या पद्धतीने मांडणे म्हणजे काय, याचा एक वस्तुपाठ आम्हा बेळगावकरांना फार जवळचा आहे. येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर केले, तेव्हा त्यांनी बालगंधर्वांची नक्कल केली नाही आणि मूळ पदांची मोडतोडही केली नाही. पदाचा जीव कुठे आहे हे ओळखून तेवढाच त्यांनी आपल्या गळ्यातून उजळून दाखवला. रॉकची गाणी जॅझमध्ये वाजवणारे कोणतेही ध्वनिमुद्रण मी याच कसोटीवर ऐकतो. १९९६ साली ‘व्हर्व्ह’ या ध्वनिमुद्रण कंपनीने प्रकाशित केलेला पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचा ‘द न्यू स्टँडर्ड’ हा अल्बम या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतो, आणि जिथे उतरत नाही तिथेही तो विचार करायला लावतो.

जॅझचे वादक अनेक दशके न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील संगीत नाटकांतली आणि जुन्या चित्रपटांतली गाणी वाजवत आले; अशा रुळलेल्या गाण्यांनाच ते ‘स्टँडर्ड’ म्हणतात. आपल्याकडे नाट्यपदे मैफिलीत स्थिरावली, तसाच हा प्रकार आहे. हॅनकॉक यांनी या अल्बमसाठी त्या साठ्याऐवजी बीटल्स, पीटर गॅब्रिएल, डॉन हेन्ली, निर्वाणा, प्रिन्स अशांची गाणी निवडली. साथीला मायकेल ब्रेकर यांचा सॅक्सोफोन, जॉन स्कोफील्ड यांची गिटार, डेव्ह हॉलंड यांचा बास, जॅक डीजॉनेट यांचे ड्रम्स आणि डॉन अलायस यांची तालवाद्ये आहेत. हॉलंड आणि डीजॉनेट हे दोघेही १९६९ साली जॅझमधले ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात होते, आणि त्या दोघांची परस्परांवरची हुकमत या अल्बमच्या जवळजवळ प्रत्येक गाण्यात जाणवते.

हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेल्या श्रोत्याने ‘नॉर्वेजियन वुड’पासून सुरुवात करावी. बीटल्सच्या १९६५ सालच्या ‘रबर सोल’ या अल्बममधल्या या गाण्यात त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली, हे सर्वश्रुत आहे; परंतु त्याची चालसुद्धा आपल्याला परकी वाटत नाही. कडव्यात शुद्ध गंधार आणि कोमल निषाद लागतो, म्हणजे खमाज थाटाचे स्वर येतात, आणि मधल्या भागात गंधार कोमल होताच गाणे काफीच्या स्वरांत शिरते. षड्ज धरून ठेवलेला असताना एकच स्वर बदलावा आणि सगळा रंग पालटावा, हीच या गाण्याची खरी करामत आहे. हॅनकॉक यांनी नेमके तेच हेरले आहे. त्यांनी चालीखालचे स्वरसंवाद (कॉर्ड्स, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वर) बदलले आहेत, त्यामुळे ओळखीची ओळ प्रत्येक वेळी निराळ्या प्रकाशात दिसते. मात्र ती ओळ हरवत नाही. विस्तार कितीही लांबला, तरी मुखड्याची आठवण ठेवून वाजवणारे हे वादक आहेत. आपल्याकडे षड्ज कायम ठेवून ठरावीक स्वरांत राग वाढवला जातो, तर जॅझमध्ये पायाखालचे हे स्वरसंवाद सतत सरकत असतात आणि वादकाला त्यांच्यासह चालावे लागते. हा फरक समजून घेण्यासाठी यापेक्षा सोयीचे गाणे मला ठाऊक नाही.

पीटर गॅब्रिएल यांच्या १९८६ सालच्या ‘सो’ या अल्बममधले ‘मर्सी स्ट्रीट’ हेही उत्तम जमले आहे. कवयित्री ॲन सेक्स्टन यांना अर्पण केलेल्या त्या गाण्यातली दबलेली अस्वस्थता येथे शब्दांविना, केवळ लयीतून पोहोचते. ‘न्यूयॉर्क मिनिट’ हे पहिलेच गाणे वादनाच्या दृष्टीने थक्क करणारे आहे, तरीही माझे समाधान झाले नाही. डॉन हेन्ली यांचे मूळ गाणे एका क्षणात उद्ध्वस्त होणाऱ्या आयुष्याविषयी आहे. त्याची लय चढवून ते चपळ केल्यावर चाल उरते आणि दुःख गळून पडते. निर्वाणाच्या ‘ऑल अपॉलॉजीज’बाबतही माझा हाच आक्षेप आहे. मूळ चाल अगदी साधी आहे, तिला अर्थ आला तो निर्वाणाचे गायक कर्ट कोबेन यांच्या फाटक्या, थकलेल्या आवाजामुळे. तो आवाज काढून घेतला की त्याच्या जागी काहीतरी तितकेच वजनदार यायला हवे, आणि येथे नुसती डौलदार लय येते. काही गाण्यांत बॉब बेल्डेन यांनी बांधलेला वाद्यवृंद आहे. तो सुश्राव्य असला, तरी इतक्या समर्थ वादकांना त्या भरणीची गरज नव्हती.

हा अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यात हॉलंड यांचा बास अक्षरशः नाहीसा होतो आणि डीजॉनेट यांच्या झांजेची नुसती चिरचिर उरते, मग सगळे वादन पोकळ वाटू लागते. बरा हेडफोन किंवा घरातली जुनी म्युझिक सिस्टीम पुरेशी आहे. त्यावर झांजेच्या कडेवर पडणारी काठी आणि तिच्या मध्याजवळ पडणारी काठी यांतला फरकसुद्धा स्पष्ट कळतो.

जॅझ हा आपला प्रांत नव्हे, असे शहापूर-टिळकवाडीच्या मैफिलींना नेमाने येणारी मंडळीही म्हणतात, ते मला पटत नाही. चोर्ला घाट उतरला की ज्या गोव्यात आपण पोहोचतो, तिथलेच चिक चॉकलेट यांच्यासारखे जॅझ वादक सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात होते, आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’च्या गाण्यांतून हे सूर आपल्या घराघरांत कधीच येऊन पोहोचले आहेत.

‘द न्यू स्टँडर्ड’ आवडल्यास त्यापुढे ब्रॅड मेल्डाऊ यांचा २०२३ साली आलेला ‘युवर मदर शुड नो’ ऐकावा. पॅरिसमधल्या मैफिलीत मुद्रित झालेल्या त्या एकल पियानोवादनात शेवटचे डेव्हिड बोवी यांचे गाणे सोडल्यास सगळी गाणी बीटल्सची आहेत, आणि तिथे आधाराला ना बास आहे ना ड्रम्स.