'व्हिंटेज व्हीनोज' घ्यावा की मूळ अल्बम? कीथ रिचर्ड्सच्या दुसऱ्या बँडकडे जाण्याच्या वाटा

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या मैफलीत मध्यावर एक ठरलेली जागा असते. मुख्य गायक मिक जॅगर विश्रांतीसाठी आत जातो आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स माइकसमोर येऊन साधारणपणे दोन गाणी गातो. अनेक श्रोते तेवढ्या वेळात खाण्यापिण्याचे बघून येतात; काहींना मात्र त्या दोन गाण्यांचीच चटक लागते. हा आढावा या दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्यांसाठी आहे. रिचर्ड्सच्या 'एक्स-पेन्सिव्ह वायनोज' या बँडचे संगीत ऐकायचे ठरवले, तर २०१० चा 'व्हिंटेज व्हीनोज' हा संकलित अल्बम घ्यावा, की ज्यांतून तो निवडला आहे त्या मूळ अल्बमांकडे थेट जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

हा बँड हौसेपेक्षा नाइलाजातून अधिक जन्मला. १९८६ च्या 'डर्टी वर्क' या अल्बमनंतर जॅगरने स्टोन्ससह दौरा करण्याचे नाकारले आणि तो स्वतःच्या स्वतंत्र अल्बमांत गुंतला. रिचर्ड्सने त्याच सुमारास रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीवरील चित्रपटाच्या निमित्ताने ड्रमवादक स्टीव्ह जॉर्डनबरोबर काम केले होते, आणि त्या जोडीतूनच पुढचे सारे घडले. गिटारवर वॉडी वॉक्टेल, कीबोर्डवर आयव्हन नेव्हिल, बासवर चार्ली ड्रेटन, गायनात सॅरा डॅश आणि सॅक्सोफोनवर स्टोन्सचा जुना सोबती बॉबी कीज, अशी मंडळी जमली. जॉर्डन आणि ड्रेटन काही गाण्यांत आपसात वाद्ये बदलतात, हा तपशील क्षुल्लक वाटला तरी बँडचा स्वभाव त्यावरून कळतो. येथे गायकामागे ताल धरून उभे राहिलेले भाडोत्री वादक नाहीत. एकमेकांच्या वाजवण्याकडे कान ठेवून असलेली ही माणसे आहेत. स्टोन्सचा ड्रमवादक चार्ली वॉट्स याच्या निधनानंतर स्टोन्सचे ड्रम जॉर्डनकडे आले, त्यामुळे २०२३ चा 'हॅकनी डायमंड्स' ज्यांनी ऐकला असेल त्यांना त्याचा हात परका वाटणार नाही.

'व्हिंटेज व्हीनोज' रिचर्ड्सच्या आत्मचरित्राच्या पाठोपाठ बाजारात आला, आणि पुस्तक वाचून उत्सुक झालेल्या वाचकाच्या हाती काहीतरी द्यावे हा हेतू त्याच्या रचनेत लपत नाही. १९८८ चा 'टॉक इज चीप', त्याच वर्षीच्या दौऱ्यात ध्वनिमुद्रित झालेला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'लाइव्ह ॲट द हॉलिवुड पॅलेडियम' आणि १९९२ चा 'मेन ऑफेंडर' या तिन्हींतून त्यातील गाणी निवडलेली आहेत. त्यांच्या जोडीला 'हरिकेन' हे छोटेसे गाणे आहे, जे पूर्वी कतरिना वादळातील पीडितांसाठी देणगी देणाऱ्यांना देण्यात आले होते. ओळख करून देण्याचे काम हे संकलन चोख करते, हे मान्य करावेच लागेल. 'टेक इट सो हार्ड' ऐकले की पाच तारांची, ओपन जी पद्धतीने (म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी 'जी' हा कॉर्ड वाजेल अशी) लावलेली गिटार म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि 'मेक नो मिस्टेक' ऐकले की या घोगऱ्या, फाटक्या आवाजातही किती आर्जव मावते हे उमगते.

अडचण सुरू होते ती 'टॉक इज चीप' शेजारी ठेवल्यावर. त्या अल्बममध्ये अकरा गाणी आहेत आणि त्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. आरंभीचे 'बिग इनफ' बूट्सी कॉलिन्सच्या बासवर आणि मेसिओ पार्करच्या सॅक्सोफोनवर चालणारे अस्सल फंक, म्हणजे ठेक्यावर भर देणारे अमेरिकी कृष्णवर्णीय नृत्यसंगीत, आहे. स्टोन्सच्या चाहत्याला ते पहिल्याच मिनिटाला बुचकळ्यात टाकते, आणि मगच 'टेक इट सो हार्ड'ची ओळखीची गिटार येते. पुढे 'आय कुड हॅव स्टूड यू अप'मध्ये चक बेरीचा जुना पियानोवादक जॉनी जॉन्सन आणि स्टोन्सचा माजी गिटारवादक मिक टेलर एकत्र भेटतात, तर 'मेक नो मिस्टेक'ला मेम्फिसच्या विली मिचेलच्या ब्रास वाद्यमेळाची ऊब मिळते. 'यू डोन्ट मूव्ह मी' हे जॅगरला उद्देशून लिहिलेले गाणे अल्बमच्या मध्यावर येते, आणि आधीच्या गाण्यांतला मोकळेपणा ऐकून झालेला असल्यामुळेच त्यातला कडवटपणा अधिक बोचतो. संकलनात हेच गाणे भेटते, पण ते एक चांगले गाणे म्हणून भेटते; भांडणाचा संदर्भ श्रोत्याने स्वतः आणावा लागतो.

'पॅलेडियम'ची गोष्ट निराळी आहे. १५ डिसेंबर १९८८ च्या त्या रात्रीची तेरा गाणी अल्बममध्ये आहेत, आणि माझ्या मते वायनोज म्हणजे काय हे स्टुडिओपेक्षा येथेच जास्त कळते. 'टाइम इज ऑन माय साइड' हे स्टोन्सचे १९६४ पासूनचे गाणे रिचर्ड्स स्वतः न गाता सॅरा डॅशच्या हाती सोपवतो आणि ती त्याचे सोने करते. 'हॅपी', 'कनेक्शन' आणि रेगे ढंगाचे 'टू रूड' यांतही तोच सैलपणा आहे. संकलनकर्त्यांनी नेमकी हीच गाणी उचलली आहेत, त्यामुळे निवडीला नावे ठेवता येत नाहीत. परंतु मैफल ही हळूहळू तापत जाणारी गोष्ट असते, आणि स्टुडिओतील स्वच्छ गाण्यांच्या शेजारी मधलेच चार तुकडे ठेवले की टाळ्यांचा आवाज तेवढा उरतो, तापणे हरवते.

'मेन ऑफेंडर'बाबत मात्र मी संकलनाच्या बाजूने कौल देईन. दहा गाण्यांच्या या अल्बममध्ये लय उत्तम आहे, पण गाणी सारख्या तोलाची नाहीत. काही ठिकाणी एकच ठेका सापडल्याच्या आनंदात बँड फार वेळ रमतो. त्यातले 'विकेड ॲज इट सीम्स' निवडून घेतले की पहिल्या भेटीपुरते भागते. (दोन वर्षांनी आलेले स्टोन्सचे 'लव्ह इज स्ट्राँग' त्यानंतर लगेच ऐकावे, साम्य कानावर येईलच.)

खरेदीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१० मध्ये संकलनाचा जो उपयोग होता तो पुढे कमी झाला, कारण मूळ अल्बम नव्याने आणि वाढीव सामग्रीसह आले. 'टॉक इज चीप'च्या २०१९ च्या आवृत्तीत सहा जादा ध्वनिमुद्रणे आहेत, 'पॅलेडियम'च्या २०२० च्या आवृत्तीत तीन, आणि 'मेन ऑफेंडर'च्या २०२२ च्या आवृत्तीला लंडनमधील १९९२ ची मैफल जोडलेली आहे. शिवाय २०१५ चा 'क्रॉसआइड हार्ट' हा रिचर्ड्सचा तिसरा स्वतंत्र स्टुडिओ अल्बम संकलनानंतरचा असल्याने त्यातले काहीही येथे मिळत नाही.

म्हणून एकाच अल्बमचे पैसे असतील तर 'टॉक इज चीप' घ्यावा, आणि तो आवडला तर 'पॅलेडियम'. ज्याला गाडीत लावण्यापुरती एकच सीडी हवी आहे, किंवा ज्याच्या घरी हे सगळे आधीच असून केवळ 'हरिकेन' नाही, त्याने 'व्हिंटेज व्हीनोज' स्वस्तात मिळाल्यास उचलावा. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याने आधी 'टॉक इज चीप' पहिल्या गाण्यापासून सलग लावावा आणि 'बिग इनफ' ओलांडून पुढे जाण्याची घाई करू नये.