मावशीच्या घराचा दावा: प्रत्यक्ष प्रभाव की गृहीत प्रभाव?

इंग्लंडमध्ये गैरवाजवी प्रभावाचा (म्हणजे दडपणाने किंवा विश्वासाचा फायदा घेऊन व्यवहार करून घेतल्याचा) दावा मांडायला निघालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. प्रत्यक्ष दडपण सिद्ध करायचं, किंवा परिस्थिती दाखवून ते कोर्टाला गृहीत धरायला लावायचं. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं कलम १६ वाचलेल्यांना ही भानगड नवी नाही.

काका गेल्यावर इंग्लंडमधल्या स्लाव गावच्या माझ्या मावशीने घराचा अर्धा हिस्सा दिराच्या मुलाच्या नावावर केला, एक पेनीही न घेता. तिची बँक, बिलं, कौन्सिलची पत्रं सगळं तोच बघायचा. "कागद वाचलास का?" या प्रश्नाला तिचं उत्तर: "त्याने वाचला होता ना."

पहिली वाट मलाही आधी मोहात पाडत होती. तिच्यात व्यवहार तोट्याचा होता हे दाखवावं लागत नाही. १९९३ साली पिट खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ते स्पष्ट केलं. (श्रीमती पिट तरीही हरल्या. नवऱ्याच्या दडपणाखाली घर गहाण ठेवल्याचं सिद्ध झालं होतं, पण कर्ज देणाऱ्या कंपनीला त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.) व्यवहार वरवर सरळ दिसत असेल तर हीच वाट धरावी लागते, हे मान्य.

पण त्यासाठी बंद दाराआड काय घडलं ते कोणीतरी सांगायला हवं. आमच्याकडे सांगणारी एकच, आणि ती पुतण्याविरुद्ध चकार शब्द काढेना. आमच्या सॉलिसिटरसमोर (वकिलासमोर) तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा जबाब "धमकावलं का?" इथवर यायचा आणि मावशी म्हणायची, "तो वाईट नाही रे, त्याला घाई होती." तिसऱ्या बैठकीत तर तिने त्याच्या नोकरीची काळजी सुरू केली. घड्याळ तासाच्या दराने चालू होतं. दोन्ही मुद्दे पर्यायी म्हणून एकत्र मांडता येतात, पण उलटतपासणीत या बाईचं काय होणार ते मला दिसत होतं.

गृहीत प्रभावात पुतण्याला खलनायक ठरवावं लागत नाही. विश्वासाचं नातं आणि खुलासा मागणारा व्यवहार, एवढं दाखवलं की तिने ते स्वतःच्या मर्जीने केलं हे दाखवायचं ओझं त्याच्यावर. वकील-अशील, डॉक्टर-रुग्ण अशा नात्यांत विश्वास कायदाच धरून चालतो. नवरा-बायको त्या यादीत नाहीत, काकू-पुतण्याही नाहीत. म्हणून आम्हाला तो विश्वास कागदांनी दाखवावा लागला. बँकेची पत्रं होतीच. शिवाय तिला स्वतंत्र सल्ला कोणी दिलाच नव्हता. त्या व्यवहारात सॉलिसिटर होता तो त्याचाच.

उपाय मात्र दोन्हीकडे मुख्यतः तोच: व्यवहार रद्द, आणि ज्याचं त्याला परत. आपल्यालाही परत करावं लागतं, हे लोक विसरतात. चीज विरुद्ध थॉमस खटल्यात चुलतआजोबांचे ४३,००० आणि नातवाचे ४०,००० पौंड घालून घेतलेलं घर ५५,४०० ला विकलं गेलं. कोर्टाने तोटाही ४३ला ४० याच प्रमाणात वाटला. आमच्याकडे बोलणी होऊन हिस्सा परत आला, पुतण्याने छतावर केलेला खर्च मावशीने दिला. त्याने मधल्या काळात तो हिस्सा कोणा अनभिज्ञ माणसाला विकला असता, तर एवढ्यावर भागलं नसतं.

एका बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच निष्ठुर आहेत: उशीर. मठाच्या प्रमुखांना आपली संपत्ती देऊन बसलेल्या मिस ऑलकार्ड १८७९ मध्ये मठ सोडून आल्या, ती परत मागणारा दावा १८८५ मध्ये केला. प्रभाव गृहीत धरला गेला, पण पैसे मिळाले नाहीत.

तुमचा साक्षीदार खमका असेल, हाताशी मेसेज असतील, तर कदाचित पहिली वाट बरी. आमच्याकडे ते नव्हतं. आणि पुढच्या वेळी सही करण्याआधी मला फोन करायचं मावशीने अजूनही कबूल केलेलं नाही.