सिनेमॅटोग्राफीची वीकेंड बॅच, धरमपेठ: प्रकाशात पक्की, फोकसमध्ये कच्ची

नागपूरच्या धरमपेठेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या, सिनेमाचा कॅमेरा आणि प्रकाशयोजना शिकवणाऱ्या या वर्गाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. असे वर्ग शिकवणाऱ्याच्या जिवावर चालतात. सर बदलले की बाहेरची पाटी तीच राहते आणि आतला वर्ग दुसराच होतो. तेव्हा आत काय शिकवतात आणि काय सुटतं, तेवढंच पाहू. मुदत आठ आठवडे, दर बैठक तीन तासांची, विद्यार्थी बारा. साहित्यात दोन सोनी एफएक्स३ कॅमेरे, तीन फोटोलेन्स, चार एलईडी दिवे आणि हजार वॅटचे दोन जुने टंगस्टन (तारेचे) दिवे. हिशेब सरळ आहे: सहा जणांत एक कॅमेरा, म्हणजे सरावाच्या तासाला दर माणशी दहा मिनिटं. फी भरण्याआधी कुठल्याही वर्गात हा भागाकार करून पाहावा. माहितीपत्रकातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

पहिले दोन आठवडे कॅमेऱ्याला हात लावू देत नाहीत. यावर कुरकुर होते, पण निर्णय बरोबर आहे. एक माणूस, एक दिवा, एक लाइट मीटर. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). हे फळ्यावर न सांगता मीटरवर वाचायला लावतात. मग दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरून सावली भरायची. उजळ आणि सावलीच्या बाजूत दोन स्टॉपचा फरक ठेवला की प्रमाण चारास एक. इथपर्यंत बहुतेक वर्ग जातात. या वर्गाचं वेगळेपण पुढच्या पायरीत आहे: थर्माकोल काढून तिथे काळं कापड लावायला सांगतात. आपल्या घरांच्या भिंती पांढऱ्या नाहीतर फिक्या पिवळ्या, खोल्या दहा बाय बाराच्या. दिवा कुठेही ठेवा, उजेड चारी भिंतींवरून परत येतो आणि चेहरा सपाट दिसतो. अशा खोलीत आणखी दिवे आणण्यापेक्षा सावलीच्या बाजूला चार बाय सहा फुटांचं काळं कापड टांगणं स्वस्त आणि परिणामकारक. कापड चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर हवं. लांब गेलं की त्याचा उपयोग संपतो.

विजेचा धडाही इथेच होतो, आणि तो चांगला घेतात. हजार वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर ओढतो. घरातल्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर असा एकच दिवा. दोन लावायचे तर १६ अँपिअरचा पॉइंट शोधायचा, आणि एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडायची, नाहीतर ती आतल्या आत तापते.

शटरचा भाग नेमका आहे. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) घेताना शटर १/५० सेकंद उघडं ठेवा हे सगळेच सांगतात, कारण सांगत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. १/५० मध्ये दोन पूर्ण फेऱ्या बसतात, १/१०० मध्ये एक. २४ फ्रेमवर शटरचा कोन १८० अंश, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं, ठेवला तर शटर १/४८ होतं आणि हलके पट्टे सरकताना दिसू शकतात. तिथे १७२.८ अंश, म्हणजे पुन्हा १/५०. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम आणि १/१०० चालतं, पण १०० फ्रेम आणि १/२०० केलं की साध्या ट्यूबलाइटखाली लुकलुक ठरलेली. याचा सराव रात्री बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) रस्त्यावर घेतात, आणि जागेची निवड अचूक आहे: दुकानांच्या पाट्या, एलईडीच्या माळा, रस्त्यावरचे दिवे, प्रत्येकाची लुकलुक वेगळी. पाट्यांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी सर्किटं) स्वतःच्याच वेगाने चालतात, तिथे ५० हर्ट्झचं गणित लागू होत नाही. मग कॅमेऱ्यातलं व्हेरिएबल शटर थोडं थोडं हलवून पट्टा स्थिर होतो का ते बघायचं. नाहीच झाला तर ती पाटी फ्रेमबाहेर.

दुपारच्या गच्चीवरचा तास सगळ्यात उपयोगी. नागपूर २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली काळा डाग, कपाळ जळालेलं. उपाय टप्प्याटप्प्याने करून घेतात: आधी डोक्यावर चार बाय चारचं स्किमर (ऊन मऊ करणारं, चौकटीवर ताणलेलं पातळ कापड), मग छातीच्या खाली पांढरा थर्माकोल, शेवटी मागची भिंत अंधारी निवडायची. थर्माकोल फार खाली आणि फार जवळ धरला तर चेहरा भुताच्या गोष्टीतला होतो, म्हणून तो हळूहळू डोळ्यांच्या उंचीकडे वर आणायचा. स्टँडचा उंच पाय वजनाच्या दिशेला आणि वाळूची पिशवी त्याच पायावर, ही शिस्त इथे कडक आहे. मे महिन्यातला वारा स्किमर सहज उडवतो.

याच तासाला एनडी फिल्टरचं, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या उजेड कमी करणाऱ्या काळपट काचेचं, गणित येतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, शटर १/५०, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८ हवं, तर भर उन्हात नऊ स्टॉप उजेड कापावा लागतो. एनडीवर दर स्टॉपला ०.३ मोजतात, म्हणजे १.८ चा आणि ०.९ चा एनडी एकावर एक. वर्गाकडे मात्र एकच स्वस्त व्हेरिएबल, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा, एनडी आहे. तो शेवटपर्यंत फिरवला की फ्रेमवर काळी फुली उमटते, वाइड लेन्सवर जास्तच. शिवाय जाड एनडीमधून इन्फ्रारेड निसटतो आणि काळी पँट तपकिरी दिसते. त्यासाठी इन्फ्रारेड रोखणारा एनडी लागतो, हे सांगायला हवं होतं. सांगत नाहीत.

लॉगबद्दल, म्हणजे रंग नंतर चढवता यावेत म्हणून मुद्दाम फिकट चित्र टिपण्याच्या पद्धतीबद्दल, सांगितलेलं बरोबर आहे, फक्त घाईत. एफएक्स३ वर एस-लॉग३ (सोनीचा लॉग) चे मूळ आयएसओ ८०० आणि १२८००. मधला करडा ४१ टक्क्यांवर, आणि पांढरा साधारण ९४ च्या आसपास फाटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, म्हणून झेब्रा (जास्त उजळ भागावर मॉनिटरवर उमटणारे पट्टे) त्याच्या किंचित खाली लावायचा. विद्यार्थी मॉनिटरवरचं फिकट चित्र बघून एक्स्पोजर ठरवतात आणि सावल्यांत दाणे येतात. वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) बघायची सवय लावायला एक अख्खी बैठक हवी.

आता कच्चा भाग. फोकस. संपूर्ण वर्ग ऑटोफोकसवर चालतो. मुलाखतीला, लग्नाला ते ठीक. पण सिनेमाच्या सेटवर पहिलं काम मिळतं ते बहुधा कॅमेरा असिस्टंटचं, आणि तिथे टेपने अंतर मोजून खुणा करता यायलाच हव्यात. ५० मिमी लेन्स, एफ/२, माणूस दोन मीटरवर: फुल फ्रेम (३५ मिमी फोटोएवढ्या) सेन्सरवर स्पष्ट पट्टा जेमतेम वीस सेंटीमीटरचा. नट अर्धं पाऊल पुढे आला की डोळे गेले. टेप लेन्सच्या तोंडापासून नव्हे, कॅमेऱ्याच्या अंगावर आडव्या रेघेने छेदलेलं वर्तुळ असतं तिथून धरायची, आणि दुसरं टोक डोळ्यापाशी. एक दिवस हे करून घेतात खरे, पण लेन्स इलेक्ट्रॉनिक रिंगच्या. त्या रिंगला अंत नसतो, आणि साध्या सेटिंगवर ती हळू फिरवली तर फोकस कमी सरकतो, जोरात फिरवली तर जास्त. रिंगवर केलेली खूण दुसऱ्या टेकला खोटी ठरते, आणि पोरांना वाटतं आपलाच हात वाईट. उपाय महाग नाही: जुनी, यांत्रिक रिंगची ५० मिमी फोटोलेन्स आणि अॅडॉप्टर, रिंगवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर पेन्सिलीने खुणा. या वर्गाने एवढी एक खरेदी केली तरी दर्जा एक पायरी वर जाईल.

डेटाकडेही दुर्लक्ष आहे. २५० मेगाबिटच्या सेटिंगवर मिनिटाला दोन जीबीला थोडे कमी लागतात, १२८ जीबीचं कार्ड तासाभरात भरतं. दोन डिस्कवर प्रत, चेकसम तपासणी (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते पाहणं), आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट, हा क्रम सेटवर नव्या माणसाच्या हाती पहिल्याच आठवड्यात येतो. इथे पेन ड्राइव्हवर फुटेज वाटतात.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) सिनेमॅटोग्राफीचा अभ्यास तीन वर्षांचा असतो. त्याच्याशी आठ आठवड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, आणि इथलं प्रमाणपत्र दाखवून मुंबईत कुणी काम देईल असंही नाही. लाइट कशी बसवायची ते शिकायचं असेल तर पैसे वसूल. फोकस पुलिंगकडे, म्हणजे शॉट चालू असताना हाताने फोकस सांभाळण्याच्या कामाकडे, जायचं असेल तर थेट कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एखाद्या कॅमेरा हाउसमध्ये हात बसवणं बरं.

बॅच निवडताना बहुतेक जण थंडीतली घेतात. डिसेंबरात नागपूरला दुपारचा सूर्यही ४५ अंशांच्या आसपासच चढतो, उजेड तिरपा येतो आणि सगळ्यांचेच शॉट देखणे दिसतात. त्यात स्किमर उघडायची वेळ फारशी येत नाही. एप्रिल-मेची बॅच घ्या. कॅमेरा शॉट नसताना सावलीत ठेवा, मेन्यूत तापमानाची बंद होण्याची मर्यादा ‘हाय’ करा, आणि आवाज घ्यायचा असेल तर टेकपुरता कूलर बंद करायला सांगा.