लोहारकाम की तांबटकाम, शिकायचं तर कुठलं?
दोन्हीकडे भट्टी आणि हातोडा, पण रोजचं काम अगदी वेगळं. लोखंड गरम असतानाच ठोकावं लागतं, नारिंगी-पिवळं झालं की बाहेर काढायचं, रंग उतरला की परत भट्टीत, म्हणजे ऐरणीसमोर उभं राहून विचार करायला वेळच नसतो, आधीच ठरवलेलं हवं. तांबं मात्र थंडच मठारतात. ठोकून ठोकून ते कडक होतं, हातोडा उसळायला लागतो, आवाजही बदलतो, तो आवाज कानाला कळला पाहिजे, मग लालसर तापवून मऊ करायचं नाहीतर चीर जाते. आणि लाल तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, चांगलं पोलाद तसं बुडवलं तर काचेसारखं ठिसूळ! मला तर हे पहिल्यांदा बघून खरंच वाटेना.

पैशाचं म्हणाल तर लोखंड स्वस्त, चुका परवडतात. तांबं महाग, पण भंगारालाही भाव येतो. शिवाय कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर देणं, जमायला लागली की जुन्या भांड्यांचं काम सारखं येत राहतं, कथील 232 अंशांनाच वितळतं, त्याला मोठी भट्टी नको. कान दोन्हीत जातात, इअरप्लग पहिल्या दिवसापासून लावा. मी तरी नवख्याला आधी वर्षभर लोखंडच धरायला सांगेन.